सहा डाव, चाळीस धावा आणि त्यानंतर
१९४८-४९ च्या मुंबई संघाच्या एका हंगामाची कहाणी

वाचकहो, शैक्षणिक संस्थेच्या स्मरणिकेत परीक्षेच्या निकालांना, शिष्यवृत्त्यांना आणि देणगीदारांच्या नामावलीला पहिले स्थान मिळते, आणि ते योग्यच आहे. परंतु शाळेचे मैदान हीसुद्धा एक वर्गखोलीच असते. तेथे फळा नसतो, घंटा नसते, पण धडे मिळतात. आणि ते असे असतात की पुस्तकातून पाठ करून येत नाहीत. आपल्या सुकापूर-पनवेल परिसरातील कितीतरी घरांत आजही एक प्रश्न विचारला जातो, "खेळून पोट भरणार आहे का?" या प्रश्नाचे उत्तर उपदेशाने देण्यापेक्षा इतिहासाने द्यावे असे वाटते. म्हणून आज आपणांस एका संघाच्या एका हंगामाची आणि त्या संघाच्या कर्णधाराची हकीकत सांगावयाची आहे. संघ मुंबईचा, हंगाम १९४८-४९ चा आणि कर्णधार खानमहंमद कासमभॉय इब्राहिम. क्रिकेटच्या नोंदींत हे नाव के. सी. इब्राहिम असे आढळते.

पार्श्वभूमी : जिमखान्यांचे क्रिकेट

या हंगामाचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मुंबईत क्रिकेटची मोठी स्पर्धा धर्माच्या नावाने बांधलेल्या संघांत होत असे. १९०७ मध्ये युरोपियन, पारशी व हिंदू अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला आणि ती चौरंगी झाली. १९३७ मध्ये 'इतर' या नावाचा पाचवा संघ आला. त्यात ख्रिस्ती वगैरे खेळाडू असत. मरीन लाइन्सच्या समुद्रकिनाऱ्यावर पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने आजही एका ओळीत उभे आहेत. ते त्या काळाची साक्ष देतात.

या स्पर्धेने खेळाडू घडविले, यात शंका नाही. परंतु धर्माच्या नावाने संघ असावेत का, हा प्रश्न देशापुढे उभा राहिलाच. १९४० मध्ये महात्मा गांधींनी अशा स्पर्धेविरुद्ध मत दिले. त्या वर्षी हिंदू संघाने भाग घेतला नाही. वाद चालू राहिला, स्पर्धाही चालू राहिली, आणि अखेर १९४६ च्या सुमारास ती कायमची बंद पडली.

याच स्पर्धेत १९४४ चा अंतिम सामना हिंदू विरुद्ध मुस्लिम असा झाला. चौथ्या डावात मुस्लिम संघाला विजयासाठी २९८ धावा हव्या होत्या. सलामीला आलेले पंचवीस वर्षांचे इब्राहिम एक बाजू धरून उभे राहिले. दुसऱ्या बाजूने गडी बाद होत गेले, पण हा गडी हलला नाही. सामना संपला तेव्हा मुस्लिम संघ एका गड्याने जिंकला होता आणि इब्राहिम १३७ धावांवर नाबाद होते. सलामीला जाऊन शेवटपर्यंत नाबाद राहणे ही फलंदाजाच्या धीराची सर्वांत मोठी परीक्षा असते. सामन्यानंतर विजय मर्चंट यांनी प्रतिस्पर्ध्यांचे मनमोकळे अभिनंदन केले, अशी त्या दिवसाची आठवण सांगितली जाते. मैदानावर दोन समाज समोरासमोर उभे होते. खेळाडूंच्या मनात मात्र वैर नव्हते.

१९४७ : कसोटीचा काळ

यानंतर तीनच वर्षांनी देश स्वतंत्र झाला आणि फाळणीही झाली. घरे दुभंगली, कुटुंबे दुभंगली, संघही दुभंगले. १९४६ मध्ये भारताकडून इंग्लंडमध्ये खेळलेले अब्दुल हफीज कारदार पुढे पाकिस्तानचे पहिले कसोटी कर्णधार झाले. इंदूरचे मुश्ताक अली येथेच राहिले. हैदराबादचे गुलाम अहमद येथेच राहिले, १९४८-४९ मध्ये भारताकडून कसोटी खेळले आणि पुढे भारताचे कर्णधारही झाले.

त्या दिवसांत मुस्लिम पालकांच्या मनात कोणता प्रश्न असेल, याची कल्पना आपणांस करता येईल. आता आपल्या मुलाला कोण विचारणार? जिमखान्याचा संघ गेला, आपला म्हणावा असा संघ उरला नाही. मग गुण असूनही दार उघडेल का?

याचे उत्तर मुंबईच्या संघाने भाषणाने दिले नाही, निवडीने दिले. १९४७-४८ च्या हंगामात मुंबईचे कर्णधारपद इब्राहिम यांच्याकडे आले. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी मुस्लिम संघाला विजय मिळवून दिला, तेच आता पारशी, हिंदू, ख्रिस्ती, मुस्लिम अशा सर्वांच्या मुंबईचे नायक झाले. फाळणीच्या जखमा ओल्या असताना हे घडले, ही गोष्ट लहान नाही.

आणि इब्राहिम यांनी त्या विश्वासाची परतफेड कशी केली पाहा. त्या हंगामात त्यांनी १,१७१ धावा केल्या; सरासरी १६७ च्या वर. त्यांतील पाच डाव ओळीने असे : २१८ नाबाद, ३६ नाबाद, २३४ नाबाद, ७७ नाबाद आणि १४४. विद्यार्थ्यांनी बेरीज करून पाहावी. एकदा बाद झाल्यापासून पुन्हा बाद होईपर्यंत ७०९ धावा! क्रिकेटच्या इतिहासात ही नोंद फार दुर्मीळ मानली जाते.

तरीही त्या वर्षी रणजी करंडक मुंबईला मिळाला नाही. अंतिम सामन्यात होळकर संघाने मुंबईला हरविले. स्वतः धावांचा डोंगर रचूनही कर्णधाराला पराभव स्वीकारावा लागला. म्हणजे पुढचा हंगाम सुरू झाला तो अपुऱ्या राहिलेल्या कामाचे ओझे घेऊन.

दिल्लीची सुरुवात आणि पुढचे सहा डाव

१९४८ च्या हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला. स्वतंत्र भारताच्या भूमीवर झालेली ही पहिलीच कसोटी मालिका. पहिला सामना नोव्हेंबर १९४८ मध्ये दिल्लीला झाला. पाहुण्यांनी ६३१ धावा केल्या. अशा डोंगरासमोर सलामीला जाणे म्हणजे काय, हे ज्याने पॅड बांधले आहेत त्यालाच कळेल. इब्राहिम यांचा तो पहिलाच कसोटी सामना. पहिल्या डावात त्यांनी ८५ धावा केल्या. भारतावर फॉलोऑनची पाळी आली, तेव्हा दुसऱ्या डावात ४४. सामना अनिर्णित राहिला. पदार्पणात एकूण १२९ धावा; भारताला सलामीचा फलंदाज मिळाला असे वाटावे, अशी ही सुरुवात होती.

पण पुढे काय झाले? पाच सामन्यांच्या त्या मालिकेत इब्राहिम आणखी तीन सामने खेळले. सहा डावांत मिळून धावा झाल्या फक्त ४०. त्याच मालिकेत वेस्ट इंडीजचे एव्हर्टन वीक्स शतकांमागून शतके काढीत होते आणि मुंबईचेच रुसी मोदी यांनी ५६० धावा केल्या. फेब्रुवारी १९४९ मध्ये मुंबईतील शेवटच्या कसोटीत भारताला ३६१ धावा हव्या होत्या. विजय हजारे यांनी शतक काढले आणि संघ ८ बाद ३५५ पर्यंत आला. अवघ्या सहा धावा उरल्या असताना, वेळ थोडा शिल्लक असतानाच पंचांनी बेल्स उचलल्या. ती मालिका भारताने ०-१ अशी गमावली. इब्राहिम यांना त्यानंतर कसोटीत पुन्हा कधीच संधी मिळाली नाही.

वाचकहो, येथे क्षणभर थांबू या. वर्षापूर्वी ज्याला बाद करणे कठीण होते, तोच माणूस आता सहा डावांत चाळीस धावा करून घरी परतला होता. वर्तमानपत्रे तीच, प्रेक्षक तेच, मैदानही तेच. विद्यार्थी मित्रांनो, दहावीला उत्तम गुण मिळवून अकरावीला विज्ञान शाखेत अडखळलेल्या मुलाची अवस्था याहून वेगळी नसते. अशा वेळी दोन मार्ग असतात. एक, नशिबाला आणि परीक्षकाला दोष देत बसणे. दुसरा, उद्याच्या सकाळी पुन्हा सरावाला जाणे.

पुण्याचा सात दिवसांचा सामना

कसोटी मालिका संपून महिना होतो न होतो तोच मुंबईचा रणजी उपांत्य सामना महाराष्ट्राशी पुण्यात सुरू झाला. महाराष्ट्राचा संघ त्या वर्षी भरात होता. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यातच भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या होत्या. ब्रॅडमन यांच्या ४५२ च्या विक्रमाला केवळ नऊ धावा कमी असताना काठियावाडने सामना सोडून दिला, म्हणून तो विक्रम वाचला.

अशा संघाविरुद्ध मार्च १९४९ मध्ये सात दिवस सामना चालला. मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या. माधव मंत्री यांनी त्यात २०० धावा काढल्या. महाराष्ट्राने ४०७ केल्या. मुंबईने दुसऱ्या डावात ८ बाद ७१४ वर डाव सोडला. उदय मर्चंट आणि दत्तू फडकर यांनी दोन्ही डावांत शतके काढली. महाराष्ट्रानेही हार मानली नाही. चौथ्या डावात ६०४ धावा केल्या! रेगे यांनी त्यांच्या बाजूने दोन्ही डावांत शतके केली. मुंबई ३५४ धावांनी जिंकली. एका सामन्यात एकूण २,३७६ धावा आणि नऊ शतके झाली. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये धावांची ही बेरीज विक्रम ठरली.

त्या काळी पनवेलहून मुंबईला जाणे सोपे नव्हते. दिवा-पनवेल रेल्वे १९६४ मध्ये आली आणि वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील माणसाला अशा सामन्याची खबर वर्तमानपत्रातून किंवा कोणाच्या तरी घरच्या रेडिओवरून कळायची. आज सुकापुरातून निघालेला मुलगा सकाळच्या गाडीने मुंबईच्या मैदानावर पोहोचतो. साधने वाढली, त्यांचा उपयोग करणे आपल्या हाती आहे.

अंतिम सामना

अंतिम सामन्यात समोर बडोदा होते. या संघाचाही एक इतिहास ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मार्च १९४७ मध्ये, पंजाब दंगलींत होरपळत असताना, बडोद्याच्या विजय हजारे या ख्रिस्ती मराठी खेळाडूने आणि लाहोरच्या गुल महंमद यांनी होळकरांविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली होती. बाहेर माणसे माणसांना ओळखत नव्हती, आणि मैदानावर दोघे एकमेकांच्या हाकेवर विश्वास ठेवून धावत होते.

बडोद्याविरुद्धच्या या अंतिम सामन्यात मुंबईच्या कर्णधाराने २१९ धावा काढल्या. होय, त्याच इब्राहिम यांनी, ज्यांच्या नावावर नुकतेच सहा डावांत चाळीस धावांचे अपयश लागले होते. मुंबईने सामना ४६८ धावांनी जिंकला आणि रणजी करंडक उचलला. आदल्या वर्षीची हार भरून निघाली.

या हंगामातून काय घ्यावे?

सत्य पूर्ण सांगावे म्हणून हेही सांगितले पाहिजे की इब्राहिम पुढे पाकिस्तानात गेले आणि २००७ मध्ये कराचीत त्यांचे निधन झाले. त्या पिढीतील अनेकांनी आपापल्या परिस्थितीप्रमाणे निर्णय घेतले; त्यांचा न्याय करणे हे आपले काम नव्हे. पण मुंबईने गुणी माणसाला नायक केले आणि त्या माणसाने मुंबईला करंडक दिला, ही नोंद कोणी पुसू शकत नाही.

आणि ती परंपरा खंडित झाली नाही. चिपळूणजवळच्या कालुस्ते गावी जन्मलेले आपले कोकणी खेळाडू गुलाम पारकर १९८२ मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर भारताकडून कसोटी खेळले. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामच्या शाळेत शिकलेला वसीम जाफर हा बसचालकाचा मुलगा. शालेय क्रिकेटमध्ये त्याने नाबाद ४०० धावा केल्या, पुढे भारताकडून ३१ कसोटी सामने खेळला आणि २००८-०९ मध्ये मुंबईचा कर्णधार म्हणून त्याने रणजी करंडक जिंकला. इब्राहिम यांच्या विजयानंतर बरोबर साठ वर्षांनी! मुलींच्या पालकांनीही लक्षात घ्यावे की २०२३ मध्ये १९ वर्षांखालील महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला तेव्हा संघाच्या प्रशिक्षक नूशीन अल खदीर होत्या.

पालकांनो, प्रत्येक मूल कसोटीवीर होणार नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. अभ्यास पहिला, हे निर्विवाद आहे. परंतु आठवड्यातून काही तास मुलाला मैदानावर जाऊ द्या. बाद झाल्यावर पंचांशी न भांडता परत येणे, स्वतः शून्यावर बाद होऊनही जोडीदाराच्या शतकाला टाळी वाजविणे, आणि ज्याचे आडनाव आपल्यापेक्षा वेगळे आहे त्याच्या हाकेवर भरवसा ठेवून धावणे, हे गुण पुढे कार्यालयात, कारखान्यात आणि मोहल्ल्यातही उपयोगी पडतात.

आणि विद्यार्थी मित्रांनो, निकालपत्रिका हाती आल्यावर एखाद्या विषयापुढे लाल रेघ दिसली, तर इब्राहिम यांचा मार्च १९४९ आठवा. चाळीस धावांचे सहा डाव त्यांच्या नावावर कायमचे आहेत. पण त्यांच्या पुढच्याच ओळीत २१९ धावाही आहेत. पुढची ओळ कोणती लिहावयाची, हे तुमच्या हाती आहे.