टिटफिल्डची आगगाडी कुणाच्या पैशावर धावली?

१९५३ साली इंग्लंडात ‘द टिटफिल्ड थंडरबोल्ट’ हा विनोदी सिनेमा आला. ईलिंग स्टुडिओचा हा पहिला रंगीत विनोदपट. पटकथा टी. ई. बी. क्लार्क यांची, दिग्दर्शन चार्ल्स क्रायटन यांचं. सरकार टिटफिल्ड गावाची रेल्वे बंद करतं आणि गावकरी ती स्वतः चालवायला घेतात, एवढीच गोष्ट. जुन्या इंजिनांचे शौकीन आजही तो आवडीने पाहतात. मला मात्र दर वेळी एकच प्रश्न पडतो: पैसे कुणी दिले?

गावचा पाद्री सॅम वीच रेल्वेवेडा आहे. तरुण जमीनदार चेस्टरफोर्ड याच्या पूर्वजांनीच ही रेल्वे बांधलेली. पण भांडवल दोघांकडेही नाही. ते येतं व्हॅलेंटाइन नावाच्या श्रीमंत म्हाताऱ्याकडून, आणि त्याला रेल्वेशी काही देणंघेणं नाही. गावातलं दारूचं दुकान ठरल्या वेळेआधी उघडत नाही. धावत्या गाडीतल्या बारला ते बंधन नाही. सकाळपासून प्यायला मिळेल म्हणून तो थैली मोकळी करतो. थेंबही न घेणाऱ्या माझ्यासारख्याला इथे खो खो हसू येतं. पण क्लार्क यांनी गंमत म्हणून लिहिलेला हा भागच मला सिनेमात सर्वात खरा वाटतो. गावाच्या प्रेमावर सभा भरते, इंजिनाला कोळसा मात्र विकतच आणावा लागतो.

या कथेमागे खरी घटना आहे. १ जानेवारी १९४८ला ब्रिटनमधल्या जवळजवळ सगळ्या रेल्वे सरकारच्या ताब्यात गेल्या. वेल्समधली टॅलिलिन ही स्लेटच्या खाणीसाठी १८६५च्या सुमारास बांधलेली चिमुकली रेल्वे त्यातून बाहेर राहिली. तिचे मालक सर हेन्री हेडन जोन्स १९५०मध्ये वारले. तेव्हा लेखक एल. टी. सी. रोल्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी बर्मिंगहॅमला सभा घेऊन संस्था काढली आणि मे १९५१पासून स्वयंसेवक गाडी चालवू लागले. अशी वाचलेली ही जगातली पहिली रेल्वे. क्लार्क यांना सिनेमा सुचला तो तिच्यावरून.

सिनेमातल्या सुनावणीत चेस्टरफोर्ड तळमळून सांगतो की बस आणि लॉऱ्या आल्या की आमच्या गल्ल्यांचे काँक्रीटचे रस्ते होतील, घरांची नावं जाऊन नंबर येतील. त्याच सुनावणीत कामगार संघटनेचा माणूसही बसलेला आहे. सिनेमा त्याची टर उडवतो. पण पाद्रीसाहेब हौसेने इंजिन हाकू लागले तर पगारावर इंजिन हाकणाऱ्याने कुठे जायचं? या प्रश्नापाशी सिनेमा थांबत नाही. विरोधात बस चालवणारे पियर्स आणि क्रंप. ते गाडी पाडण्यापर्यंत मजल मारतात आणि शेवटी हरतात. गाडी तपासणीत पास होते तीही हळू धावल्यामुळे. जरा वेगाने गेली असती तर वेगमर्यादा मोडली असती.

पडद्याबाहेर काय झालं ते कडू आहे. चित्रीकरण बाथजवळच्या कॅमर्टन फाट्यावर झालं. तिथली प्रवासी गाडी १९२५मध्येच थांबली होती आणि खाण बंद पडल्यावर १९५१मध्ये मालगाडीही गेली. म्हणजे गावाने वाचवलेली रेल्वे दाखवली ती मेलेल्या रुळांवर. पुढे ते रूळही उखडले. १९६३मध्ये रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल आला: सुमारे ८,००० किलोमीटर मार्ग आणि २,३६३ स्थानकं बंद करा. तेव्हाचे वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स हे रस्ते बांधणाऱ्या कंपनीचे संस्थापक-भागीदार. मंत्री झाल्यावर त्यांना तिथले समभाग सोडावे लागले. पियर्स आणि क्रंप त्यांच्यापुढे पोरं होती! रेल्वेच्या जागी दिलेल्या बसही पुष्कळ ठिकाणी थोड्याच वर्षांत बंद झाल्या. ज्यांच्याकडे मोटार नव्हती, त्या म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला ना रेल्वे आली ना बस.

टॅलिलिन अजून धावते. तिच्यात आता बहुतेक पर्यटक बसतात. आणि सिनेमात ‘थंडरबोल्ट’ झालेलं इंजिन म्हणजे ‘लायन’, १८३८ साली लीड्समध्ये घडवलेलं. रेल्वेतून निघाल्यावर त्याने लिव्हरपूलच्या गोदीत कित्येक वर्षं पाणी उपसलं. आता ते त्याच शहराच्या संग्रहालयात उभं आहे.