स्तनाच्या कर्करोगाचे संशोधन : पैसा कोणाचा, प्रश्न कोणाचा?

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदीजवळ सारोळे लागते. भोर तालुक्यातले हे रस्त्याकाठचे गाव. मध्यंतरी तिथे आसपासच्या शिक्षकांशी गप्पा मारायचा योग आला. विषय होता पेशी आणि पेशीविभाजन. पेशींची वाढ बेबंद झाली की कर्करोग होतो, इथपर्यंत आम्ही आलो तेव्हा मागे बसलेल्या एक बाई म्हणाल्या, "तुम्ही लोक इतकी वर्षं संशोधन करताय, त्यावर एवढा पैसा खर्च होतो. आमच्याकडच्या बाया मात्र छातीत गाठ हाताला लागली तरी वर्षभर कुणाला सांगत नाहीत. दुखत नाही ना, मग कशाला बोला! त्यांना त्या पैशातनं काय मिळालं?"

प्रश्न टोचणारा होता आणि रास्तही होता. आम्ही तिथे दिलेले उत्तर अपुरे होते. ते पुरे करायचे तर थोडे इतिहासात शिरावे लागेल.

दुःखातून उभे राहिलेले रुग्णालय

१९३१ साली मेहरबाई टाटा यांचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पती सर दोराबजी यांनी १९३२ मध्ये त्यांच्या नावाने विश्वस्त निधी स्थापन केला. रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनाला मदत करणे हे त्याचे मुख्य काम. त्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त संस्थेने पुढे मुंबईत परळला कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय उभारले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. एका कुटुंबाच्या देणगीतून सुरू झालेले काम अशा रीतीने सार्वजनिक पैशावर चालू लागले.

तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. इथल्या माणसांच्या सवयी आणि इथले कर्करोग यांचा संबंध शोधण्याची त्यांना ओढ होती. तंबाखू चघळणे आणि तोंडाचा कर्करोग, तसेच कमरेला धोतर घट्ट कसल्याने सतत घासल्या जाणाऱ्या त्वचेचा कर्करोग, यांवर १९४५ मध्ये त्यांनी सूर्याबाईंसह निबंध प्रसिद्ध केला. धोतराचा प्रश्न लंडनला किंवा न्यूयॉर्कला कोणाला सुचला नसता. या लेखात पुढे जे सांगायचे आहे त्याचे बीज इथेच आहे.

उंदरीण, दूध आणि कमल रणदिवे

खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या संशोधकांत कमल रणदिवे (माहेरच्या समर्थ) होत्या. जन्म पुण्याचा, १९१७ चा. शाळा हुजूरपागा, महाविद्यालय फर्ग्युसन. वडील तिथेच जीवशास्त्र शिकवत. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवल्यावर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र शिकल्या. परतल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. हे केंद्र १९५२ साली स्थापन झाले होते. १९६६ ते १९७० या काळात बाई त्याच्या कार्यवाह संचालक होत्या.

स्तनाचा कर्करोग हा त्यांचा एक मुख्य विषय. त्या काळी या क्षेत्रात उंदरांवरील एका प्रयोगाचा मोठा बोलबाला होता. उंदरांच्या काही जातींत स्तनाचा कर्करोग पुष्कळ आढळतो, काहींत क्वचित. १९३६ मध्ये अमेरिकेतील जॉन बिटनर यांनी पहिल्या प्रकारच्या उंदरिणीची पिल्ले जन्मताच दुसऱ्या प्रकारच्या उंदरिणीला पाजायला दिली. पिल्लांतल्या माद्या मोठ्या झाल्यावर त्यांच्यातले कर्करोगाचे प्रमाण बरेच घटले. म्हणजे आईच्या दुधातून काहीतरी पिल्लात जात होते. ते 'काहीतरी' एक विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. मात्र रोग होण्यात आनुवंशिकता आणि संप्रेरके यांचाही वाटा असतो. या धाग्यांची एकमेकांशी असलेली गुंतागुंत उलगडण्यात रणदिवे यांच्या प्रयोगशाळेने अनेक वर्षे घालवली.

माणसांतही असा विषाणू असेल का? मुंबईच्या पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा जास्त होते. म्हणून पारशी मातांच्या दुधाचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. या कामात अमेरिकी शास्त्रज्ञांबरोबर मुंबईच्या सत्यवती सिरसाट होत्या. काही नमुन्यांत विषाणूसारखे कण दिसल्याचे १९७१ मध्ये 'नेचर' मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर खळबळ उडाली. पण पुढे हा धागा माणसाच्या बाबतीत सिद्ध झाला नाही. उलट अंगावर पाजल्याने आईचा धोका थोडा कमीच होतो, हे आज पक्के ठाऊक आहे. विद्यार्थ्यांना हा भाग जरूर सांगावा. चुकलेली वाटही संशोधनाचाच भाग असते आणि तिचाही खर्च कोणीतरी सोसलेला असतो.

फितीचा रंग

या काळात अमेरिकेत पैसा उभारण्याची निराळी तऱ्हा रूढ होत होती. रुग्ण स्त्रिया आणि त्यांचे नातेवाईक उघडपणे बोलू लागले. १९९१ मध्ये त्यांच्या संघटनांची राष्ट्रीय आघाडी झाली. त्यांच्या रेट्यामुळे अमेरिकी संसदेने १९९२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी २१ कोटी डॉलर मंजूर केले, तेही संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकातून! कोणत्या प्रकल्पाला पैसा द्यायचा हे ठरवताना शास्त्रज्ञांच्या जोडीला रोगातून गेलेल्या स्त्रियाही बसू लागल्या.

गुलाबी फितीची कथाही त्याच सुमाराची. शार्लट हेली नावाच्या बाई घरी बसून फिकट नारिंगी रंगाच्या फिती बनवत आणि वाटत. राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पैशातला फार थोडा वाटा प्रतिबंधावर खर्च होतो, हे त्यांना लोकांपुढे मांडायचे होते. एका मासिकाने ती फीत मागितली. तिचा बाजार होईल म्हणून बाईंनी नकार दिला. मग १९९२ मध्ये रंग बदलून गुलाबी फीत आली आणि जगभर पसरली. पुष्कळ निधी जमला, रोगाचे नाव घेण्याची लाजही कमी झाली. मात्र हेलीबाईंचा मूळ प्रश्न, पैसा नेमका कशावर खर्च करायचा, मागे पडला.

मुंबईच्या वस्त्यांतला प्रयोग

श्रीमंत देशांत रोग लवकर ओळखण्यासाठी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाची क्ष-किरण तपासणी, रूढ झाली. आपल्याकडे यंत्र महाग आणि ते वाचणारे तज्ज्ञ थोडे. शिवाय आपल्याकडे पुष्कळ स्त्रियांना हा रोग तुलनेने लहान वयात होतो आणि त्या वयात स्तनाची ऊती दाट असल्याने चित्र स्पष्ट येत नाही. मग प्रशिक्षित हातांनी केलेली तपासणी पुरेल का? कॅनडात १९८० मध्ये सुरू झालेल्या एका चाचणीत पन्नाशीतल्या स्त्रियांच्या काळजीपूर्वक हस्ततपासणीला मॅमोग्राफीची जोड दिल्याने मृत्यू आणखी घटलेले दिसले नव्हते. त्यामुळे आशेला जागा होती.

टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईत ही परीक्षा सुरू केली. २० वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया तीत होत्या. वस्त्यांचे दोन गट सोडत पद्धतीने पाडले. एका गटात आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, हाताने तपासणी करत. दुसऱ्या गटाला रोगाची माहिती दिली आणि त्यांच्यावर लक्ष ठेवले. पैसा अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेचा होता, प्रश्न मात्र आपला होता.

निष्कर्ष यायला २०२१ साल उजाडले. तपासणी झालेल्या गटात निदान होताना रोग पुढच्या टप्प्यात गेलेल्या स्त्रिया ३७ टक्के होत्या, दुसऱ्या गटात ४७ टक्के. स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू एकूण १५ टक्क्यांनी कमी दिसले. परंतु फायदा मुळीच नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता शंभरात सुमारे सात होती. शास्त्रज्ञ ती पाचाच्या खाली मागतात. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले आणि तो फरक या कसोटीला उतरला. अर्थात ही वयाची विभागणी नंतर केलेली असल्याने हा आकडा जपून वाचावा.

याच स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही झाली होती. दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवणे नीतीला धरून होते का, यावर पुढे वाद झाला. तो वाद अस्थानी नव्हता. संशोधनात पैशाची देणगी मोजली जाते, पण आपला वेळ, विश्वास आणि शरीर देणाऱ्या वस्तीतल्या बायकांची देणगी कोणत्या पावतीवर लिहायची?

स्वस्त औषधाचा वाली कोण?

आणखी एक उदाहरण. गाठ काढण्यापूर्वी काही मिनिटे तिच्याभोवती लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना देतात ते बधिरतेचे औषध, टोचले तर फायदा होईल का, हे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी १६०० स्त्रियांत तपासले. २०२३ मध्ये निष्कर्ष आला: पाच वर्षांनी औषध दिलेल्या गटातल्या ९० टक्के स्त्रिया हयात होत्या, न दिलेल्या गटातल्या ८६ टक्के. इतरत्रही हे पडताळून पाहायला हवे. पण औषध जुने, स्वस्त आणि कोणाच्याही मालकीचे नसलेले. त्यातून नफा नाही, म्हणून कोणतीही कंपनी असा प्रश्न विचारण्यासाठी पैसे घालणार नाही. तो सार्वजनिक संस्थेनेच विचारावा लागतो.

पुन्हा सारोळ्यात

जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आढळल्या आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया दगावल्या. म्हणजे दोन नव्या रुग्णांमागे एक मृत्यू. अमेरिकेत हेच प्रमाण सहामागे एक. या तफावतीची कारणे अनेक आहेत. उशीर हे त्यांतले मोठे कारण.

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. पैशातून मिळाले ते हे: कुशल हात पुष्कळ काही करू शकतात, याचा पुरावा. सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिशीपुढच्या स्त्रियांची पाच वर्षांतून एकदा अशी हस्ततपासणी गावपातळीवर व्हायला हवी. ती आपल्या उपकेंद्रात होते का, हे विचारण्याचा हक्क सारोळ्यातल्या प्रत्येक बाईला आहे. सोबत एवढे सांगावे: बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण न दुखणारी गाठही दाखवलीच पाहिजे. कातडी ओढली जाणे, बोंडातून रक्त येणे हीदेखील डॉक्टरांकडे जाण्याची कारणे आहेत.

माहिती दिल्याने फरक पडतो का? बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू आहे. तिथले कार्यकर्ते गावोगाव जाऊन नोंदी घेता घेता लोकांशी बोलत राहिले. गर्भाशयमुखाचा कर्करोग त्यामुळे आधीच्या टप्प्यात सापडू लागल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे बोलणेही मोजता येते.

वरच्या वर्गांत एक प्रश्न जरूर द्यावा. मुंबईत वस्त्यांचे गट सोडतीने का पाडले? ज्या स्त्रिया आपणहून तपासणीला आल्या त्यांची न आलेल्यांशी तुलना केली असती, तर काय बिघडले असते? मुलांना उत्तरावर भांडू द्यावे. पुढे कधी कोणी त्यांच्याकडे संशोधनासाठी वर्गणी मागितली, तर आधी काय विचारायचे हे त्यांना ठाऊक असेल: प्रश्न कोणता आहे, आणि तो कोणाचा आहे?