चूक सापडली होती, रॉकेट मात्र वाचले नाही

१/ ४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयाना प्रांतातल्या कुरू तळावरून युरोपचे नवे रॉकेट, आरियान ५, प्रथमच झेपावले. पृथ्वीच्या चुंबकीय आवरणाचा अभ्यास करणारे चार ‘क्लस्टर’ उपग्रह त्यात होते. उड्डाणक्रम सुरू होऊन सुमारे ४० सेकंद होतात तोच, ३,७०० मीटरच्या आसपास, रॉकेट एकाएकी मार्गावरून वळले, मोडले आणि त्याचा स्फोट झाला.

२/ इंजिने ठीक होती. दोष एका संख्येच्या रूपांतरात होता. रॉकेटचा वेग व दिशा मोजणाऱ्या संगणकात, आडव्या वेगाशी निगडित एक मूल्य ६४ बिटांच्या दशांश संख्येतून १६ बिटांच्या पूर्णांकात उतरवले जात होते. या पूर्णांकाची कमाल मर्यादा ३२,७६७. मूल्य तिच्यापलीकडे गेले.

३/ हा प्रोग्राम ‘एडा’ भाषेतला होता. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी झाँ इश्बिया यांच्या चमूने घडवलेली ही भाषा डेटाच्या प्रकारांबाबत अत्यंत काटेकोर. एका प्रकारची संख्या दुसऱ्या प्रकारात ती आपोआप शिरू देत नाही. रूपांतर उघडपणे लिहावे लागते. मूल्य मावले नाही, तर ‘एक्सेप्शन’ हा इशारा उठतो. त्या दिवशीही तो उठला.

४/ मात्र इशारा सांभाळण्याची तजवीज तिथे नव्हती. धोका असलेल्या सात मूल्यांपैकी चारांनाच संरक्षण दिले होते. संगणकावरील भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता, आणि उरलेली तीन मूल्ये मर्यादेत राहतील असे गृहीत धरले होते. हा प्रोग्राम आरियान ४ कडून आलेला. आरियान ५ चा आडवा वेग कितीतरी झपाट्याने वाढत होता.

५/ एक्सेप्शन उठताच संगणकाने बंद व्हावे, असा नियम होता. बिघाड यंत्राचाच असणार आणि जोडीचा राखीव संगणक काम सांभाळेल, हा त्यामागचा विचार. पण राखीव संगणकातही तोच प्रोग्राम होता. तो क्षणभर आधीच बंद पडला होता. दुसऱ्याने बंद पडताना पाठवलेली बिघाडाची नोंद मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वाचली आणि इंजिनांची तोंडे पूर्ण वळवली.

६/ विशेष म्हणजे, उड्डाणानंतर त्या गणिताची आरियान ५ ला गरजच नव्हती. आरियान ४ च्या सोयीसाठी ते काही सेकंद चालू ठेवले जाई. तो वारसा तसाच पुढे आला.

७/ झाक-लुई लियाँस यांच्या चौकशी मंडळाने १९ जुलै १९९६ रोजी अहवाल दिला. सॉफ्टवेअर निर्दोष सिद्ध होईपर्यंत ते सदोषच मानावे, असा त्याचा आग्रह होता. क्लस्टरचे नवे उपग्रह २००० साली, रशियन सोयुझ रॉकेटांवरून अवकाशात गेले.

८/ संख्या मावत नाही, हे संगणकाने वेळेवर ओळखले होते. ओळखल्यावर काय करायचे, हे माणसांनी कित्येक वर्षे आधी, दुसऱ्याच रॉकेटसाठी ठरवून ठेवले होते.