चुलीपासून गॅस रेंजपर्यंत : घरची आग पारखताना

चर्चगेटहून विरारच्या लोकलनं निघालात की मीरा रोडच्या पुढं भाईंदर स्टेशन लागतं. तिथं पूर्वेला उतरलं की नवघरचा रस्ता सापडतो. (वसईजवळही एक नवघर आहे, मी बोलतो आहे ते भाईंदरचं.) जुनी वस्ती आगरी, कोळी आणि ख्रिस्ती शेतकऱ्यांची. भोवती भातखाचरं, खाडी आणि मिठागरं. १९८५ साली नवघरसह पाच ग्रामपंचायती एकत्र होऊन मीरा-भाईंदर नगरपालिका झाली आणि २००२ साली महानगरपालिका. खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या आणि चुलीच्या जागी ओटा आला.

या ओट्यांसाठी हल्ली एक नवी वस्तू दुकानांतून दाखवतात. हॉटेलातल्या भट्टीसारखी दिसणारी, पोलादी अंगाची, चार-सहा बर्नरांची, वर बिडाच्या जाड जाळ्या आणि खाली ओव्हन असलेली गॅस रेंज. किंमत ऐकून छाती दडपते. तरी मुलगा चांगला कमावता झाला, नवी खोली घेतली, की आईसाठी तशी रेंज घ्यावी असं त्याला वाटतं. यात वाईट काही नाही. पण ती पारखायची कशी? माझ्या मते त्यासाठी दुकानात जाण्याआधी थोडं मागं, चुलीपाशी जावं लागेल.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी मातीची चूल होती त्यांना आठवत असेल, की ती एकटी नसे. मुख्य चुलीला लागून एक वैल असे. चुलीतला उरलेला जाळ आतल्या भोकातून वैलाकडे जाई. पुढं भाकरीचा तवा तापत असे आणि मागं वैलावर कालवण संथ रटरटत राही. म्हणजे एकाच जळणावर मोठी आच आणि मंद आच, दोन्ही. ही युक्ती कुणा एका कारागिराच्या नावावर नाही, बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हातानं लिंपून ती घडवली. आज रेंज विकणारा मोठ्या बर्नरचं कौतुक करतो, पण स्वयंपाकाचं अर्धं काम वैलाचं असतं हे तो सांगत नाही.

चुलीचं हे एक अंग झालं. दुसरं अंग धुराचं. भाईंदरचं मीठ उन्हात पिकतं, त्याला लाकूड लागत नाही. परंतु त्याच मिठाचा भात शिजवायला तिवराचं लाकूड, झावळ्या, गोवऱ्या, जे मिळेल ते जाळावं लागे. पावसाळ्यात सगळंच ओलं. फुंकणीनं फुंकून फुंकून डोळे लाल. धुरानं घरची बाई आजारी पडते हे सगळ्यांना दिसत होतं, पण ते तिचं नशीब समजलं जाई. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ सालापासून अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम चाले. तिथं धूर बाहेर नेणारी ‘मगन चूल’ तयार झाली. हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी १९५३ साली बिनधुराच्या चुलीवर पुस्तिकाच काढली. आणि १९८३ साली कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढं बसलेल्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो याची मोजणी प्रसिद्ध केली. आजीला जे ठाऊक होतं ते आकड्यांत यायला एवढा काळ लागला.

गॅस मात्र मुंबईत फार आधी आला होता, पण तो दिव्यांसाठी. १८६५ साली शहरातल्या काही रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. दगडी कोळशापासून काढलेला हा वायू नळानं फिरे, आणि कंपनीचा कारखाना लालबागेत होता. तिथली ‘गॅस कंपनी लेन’ हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. विलायतेत तेव्हा गॅसवर स्वयंपाकही होऊ लागला होता. १८४१ साली लंडनच्या रिफॉर्म क्लबच्या मुदपाकखान्यात अलेक्सिस सॉयर या फ्रेंच आचाऱ्यानं गॅसच्या शेगड्या बसवल्या आणि लोक त्या बघायला येत. ही धंद्याची आग होती. शेकडो पानं उठवायची तर असा जाळ हवाच.

आपल्याकडे चूल आणि गॅस यांच्या मध्ये दोन मुक्काम झाले. एक कोळशाची, नाहीतर भुसा ठासून भरलेली शेगडी. चाळीच्या गॅलरीत ती पेटवून, धूर ओसरला की आत घ्यायची. दुसरा स्टोव्ह. १८९२ साली स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट या कारागिरानं पंप मारून पेटवायचा स्टोव्ह काढला. ‘प्रायमस’ हे त्याचं नाव आपल्याकडे इतकं रुळलं, की कुठल्याही पितळी स्टोव्हला लोक प्रायमस म्हणत. पिन मारायची, पंप मारायचा, आवाज घरभर. स्टोव्हनं बाईचा वेळ वाचवला खरा, पण भीतीही घरात आणली. पदर पेटण्याचे अपघात होत. आणि सांगायला जड जातं, तरी सांगितलं पाहिजे : १९७० आणि ८० च्या दशकांत ‘स्टोव्हचा भडका उडाला’ या तीन शब्दांआड हुंड्यासाठी जाळलेल्या सुनांची मरणं लपवली गेली. पुढं १९८३ आणि १९८६ साली कायद्यात नवी कलमं आली, त्यामागं ही मरणं होती. स्वयंपाकघरातली आग ही नुसती सोयीची बाब नाही, एवढंच इथं लक्षात घ्या.

सिलिंडरचा गॅस १९५५ साली बर्मा-शेल कंपनीनं मुंबईत विकायला आणला. त्याच साली ट्रॉम्बेजवळ माहुलला तिचा तेलशुद्धीकरण कारखाना चालू झाला होता. १९६५ साली कलकत्त्यात इंडेनची पहिली जोडणी दिली गेली. पुढं कितीतरी वर्षं गॅससाठी नंबर लावून वाट पाहावी लागे आणि नंबर लागला की पेढे वाटत. गॅसनं आणखी एक मोठा बदल केला, त्याकडे कुणी फारसं बघत नाही. शेगडी सिलिंडरच्या माथ्यापेक्षा उंचावर हवी, हा सुरक्षेचा नियम. त्यामुळं पाटावर बसून रांधणारी बाई ओट्यापाशी उभी राहिली. शिक्षकबंधूंना माझी एक सूचना आहे. वर्गातल्या मुलांना घरी आजीला विचारायला सांगा, की तिनं आजवर किती प्रकारच्या आगींवर रांधलं. एका पाठाचा इतिहास घरच्या घरी मिळेल. खेडोपाडी तर हा इतिहास अजून चालूच आहे. १ मे २०१६ रोजी बलियाला उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हा कुठं गरिबाच्या दारात सिलिंडर आला, आणि तो परवडेना म्हणून पुष्कळ घरांत चूल अजून शेजारीच आहे.

आता रेंजकडे वळू. भट्टीसारखी दिसणारी ही शेगडी घरात कशी आली, त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात ग्रीनवुड नावाचं गाव आहे. आपल्या खानदेश-वऱ्हाडासारखंच कापसाचं. तिथले फ्रेड कार्ल हे घरं बांधणारे गृहस्थ. स्वतःचं घर बांधताना त्यांच्या पत्नीला आईकडे होती तशी दणकट शेगडी हवी होती. हॉटेलची शेगडी घरात बसवावी तर तिच्या भिंतींना उष्णता अडवणारं अस्तर नसतं. शेजारचं लाकडी कपाट तापून पेटायची भीती. म्हणून त्यांनी हॉटेलचं रूप आणि घराला लागणारं अस्तर, अशी शेगडी काढायचं ठरवलं. १९८७ साली त्यांच्या ‘व्हायकिंग’ कंपनीची पहिली रेंज बाजारात आली. म्हणजे या वस्तूच्या मुळाशी एका बाईची मागणी आहे, हे मला आवडतं. पण त्या बाईचा स्वयंपाक वेगळा होता, हेही विसरता येत नाही.

आपला स्वयंपाक पाहा. १९५९ साली हॉकिन्स कंपनी सुरू झाली. तिचा कारखाना आपल्या ठाण्याचाच. प्रेशर कुकर घरोघर गेला आणि मोठ्या जाळाची गरजच कमी झाली, कारण शिटी झाली की आच बारीक करायची असते. आपल्याकडची साधी मोठी शेगडी साधारण दोन किलोवॅटची, म्हणजे पूर्ण जोरानं तासाला दीडशे-एकशेसाठ ग्रॅम गॅस खाणारी. रेंजचा एक मोठा बर्नर साडेचार किलोवॅटच्या आसपास असतो. तो तासाला साडेतीनशे ग्रॅमच्या घरात गॅस जाळील. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर पहिलीवर सुमारे नव्वद तास चालतो, दुसऱ्यावर चाळीसच. बरं, एवढी आच भांड्यात गेली तरी ठीक. पण लहान पातेल्याच्या बाजूनं ज्वाळा वर चढल्या तर ती उष्णता भिंतीला आणि तुमच्या मनगटाला. शिवाय चार बर्नर एकदम फुल्ल केले, तर सिलिंडर गार पडतो आणि ज्वाळा मरगळते. हॉटेलवाले १९ किलोचे सिलिंडर जोडून वापरतात ते उगाच नव्हे. ते सिलिंडर वेगळे, दरही वेगळा.

नवघरच्या पुष्कळ इमारतींत आता महानगर गॅसचा नळ आहे. त्यातला वायू निराळा, दाबही निराळा. सिलिंडरसाठी बनवलेल्या शेगडीचं छिद्र बारीक असतं, नळासाठी ते मोठं लागतं. परदेशी रेंज घेणार असाल, तर कुठल्या गॅसचं छिद्र बसवलं आहे आणि बदलून कोण देणार, हे पैसे देण्याआधी विचारा. उलटसुलट झालं तर एका पक्षी आच रुसते, दुसऱ्या पक्षी ज्वाळा पिवळी होऊन भांडी काळी करते. ज्वाळा निळी हवी, ही खूण घरातल्या पोरालाही कळते. सिलिंडरचा गॅस गळाला तर हवेपेक्षा जड म्हणून जमिनीशी साचतो, नळातला हलका म्हणून वर जातो. तेव्हा खिडकी, झरोका कुठं आहे ते बघा. मोठ्या आचेला वर धूर ओढणारा पंखाही मोठा लागतो. खर्चाच्या हिशेबात तो धरलेला नसतो, ही माझी तक्रार आहे! ज्वाळा विझली तर गॅस आपोआप बंद करणारी झडप आहे का, हेही विचारा. ज्या घरात लहान मूल आहे तिथं मी त्या झडपेसाठी ओव्हन सोडून देईन.

मोठी आच कधीच नको, असं मात्र मी म्हणणार नाही. घरात दहा-बारा माणसं जेवत असतील, हळदीला पाहुणे उतरत असतील, नाताळात फुगे तळायचे असतील, तर एक दमदार बर्नर उपयोगी पडतो. कढई जड असली आणि आच कमी पडली की तेल थंड होतं, फुगे तेल पितात. एक मोठा, दोन मध्यम आणि एक अगदी बारीक जळणारा बर्नर असला तर आपल्या घराला पुष्कळ झालं.

आणि दुकानात जाल तेव्हा जी रोज रांधते, किंवा जो रांधतो, त्याला बरोबर न्या. सोबत घरचा सर्वांत मोठा टोप, भाकरीचा तवा आणि दुधाचं पातेलं घ्या. विक्रेता हसला तर हसू द्या. टोप मागच्या बर्नरवर ठेवून पुढं तवा मावतो का, जाळीवर लहान पातेलं डुगडुगतं का, ते तिथंच कळेल. मग जोडणी असेल तर बर्नर पेटवायला सांगा आणि कळ अगदी शेवटपर्यंत बारीक करा. त्या आचेवर दूध उतू न जाता तापेल का, हे तिला किंवा त्याला विचारा.