तृणभूमीवर आलेले आणि गेलेले

मिसिसिपी नदी ओलांडून रॉकी पर्वताच्या दिशेने निघाले, की अमेरिकेचा तो अफाट गवताळ मुलूख लागतो. तिकडे त्यास प्रेअरी म्हणतात. झाड असे नदीकाठीच काय ते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या गवतावर काही कोटी बायसन चरत होते. इंग्रज शिकाऱ्यांनी आपल्या दाजीपूरच्या गव्यालाही हेच नाव दिल्यामुळे घोटाळा होतो. पण गवा दाट रानातला, बायसन उघड्या माळावरचा.

गवत आणि पाणी जिकडे, तिकडे कळप. आणि कळपामागे लाकोटा, कोमांची आदी लोक. हे लोक अनादि काळापासून घोडेस्वार होते, असा चित्रपटांमुळे आपला समज होतो. वस्तुतः घोडा तेथे स्पॅनिशांनी आणला. १६८० साली न्यू मेक्सिकोतील पुएब्लो लोकांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला, त्यानंतर तो उत्तरेकडे झपाट्याने पसरला. म्हणजे ते अश्वारूढ जीवन उणेपुरे दोनशे वर्षांचे.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्यास १६० एकर मिळू लागले. १८६९ साली लोहमार्ग पॅसिफिकच्या बाजूस जाऊन भिडला. जर्मनी, स्वीडन, नॉर्वे येथून कुटुंबेच्या कुटुंबे आली. लाकूड नव्हते, म्हणून गवताच्या मुळांनी घट्ट धरलेली माती विटांसारखी कापून त्यांनी भिंती रचल्या. चुलीत जाळावयास बायसनचे वाळलेले शेण! आमच्या गृहिणींस यात नवल ते काय वाटणार?

१८७१ च्या सुमारास बायसनच्या कातड्यापासून कारखान्यातील यंत्रांच्या पट्ट्यांना योग्य असे चामडे कमावता येऊ लागले, आणि कळपांचा काळ ओढवला. शिकारी कातडे सोलीत व मांस तेथेच टाकून पुढे जात. दक्षिणेचा कळप १८७९ पर्यंत संपला, उत्तरेचा १८८३ पर्यंत. विल्यम हॉर्नडे यांनी १८८९ साली मोजदाद प्रसिद्ध केली. आकडा भरला १,०९१. ज्यांचे अन्न, वस्त्र आणि तंबू या एका जनावरावर होते, ते लोक राखीव प्रदेशात सरकारी शिध्याची वाट पाहत बसले. आणि नवा शेतकरी? पीक बुडाले, की तो माळावरची हाडे वेचून रेल्वेच्या ठाण्यावर खतासाठी विकी. पीक बुडविणारे टोळही पुढे नाहीसे झाले. ज्या नदीखोऱ्यांत ते अंडी घालीत तीच नांगराखाली आली, असे कारण सांगतात. १९०२ नंतर त्या जातीचा जिवंत टोळ कोणास सापडलेला नाही. एवढ्या मोठ्या शत्रूचा आपण निर्वंश केला, याचा शेतकऱ्याला पत्ताही नव्हता.

ऑक्टोबर १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून १५ बायसन ओक्लाहोमाकडे रवाना झाले. प्रवास अर्थातच आगगाडीने, लाकडी खोक्यांतून. ते पाहावयास कोमांचींचे वृद्ध पुढारी क्वाना पार्कर आपल्या लोकांसह आले होते. त्या जमावातील तरुणांचा जन्म होण्यापूर्वीच दक्षिणेचा कळप संपला होता. खोकी उघडली, आणि जनावरे कुंपण घातलेल्या रानात सोडण्यात आली.