‘फक्त प्रौढांसाठी’ : नागपूरचे एक न्यायमूर्ती आणि चित्रपटगृहाचा उंबरठा

नागपुरात सीताबर्डीवर व्हरायटी चौक आहे, पुढे पंचशील चौक आहे. दोन्ही नावे चित्रपटगृहांची. एकपडदा चित्रपटगृहांच्या काळात शहराची संध्याकाळ याच परिसरात फुलत असे. येथील प्रत्येक दारावर तिकीट फाडणारा माणूस उभा असे आणि पोस्टरच्या कोपऱ्यात ‘ए’ हे अक्षर असेल त्या दिवशी त्याच्याकडे आणखी एक काम येई : समोरचा मुलगा अठरा वर्षांचा आहे की नाही, हे ठरवणे. आधार नव्हते, ओळखपत्रे क्वचितच कोणाजवळ असत. पुरावा एकच, ओठावरची मिसरूड. या माणसाच्या हाती हा अधिकार कसा आला, याची कथा नागपूरहून दिल्लीपर्यंत जाते.

सुरुवातीला वयाचा प्रश्नच नव्हता. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने दोन गोष्टी आणल्या : चित्रपटगृहाला परवाना आणि चित्रपटाला प्रमाणपत्र. १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे परीक्षण मंडळे स्थापन झाली. मध्य प्रांताला स्वतःचे मंडळ नव्हते, त्यामुळे नागपूरच्या पडद्यावर येणारा चित्रपट बाहेरच्या प्रांताचा शिक्का घेऊनच येई. तो शिक्का सर्वांना सारखाच लागू होता. चित्रपट एक तर दाखवण्यायोग्य, नाही तर अयोग्य; आजोबा आणि नातू यांत कायदा भेद करत नसे.

१९२७ मध्ये सरकारने दिवाणबहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय सिनेमॅटोग्राफ समिती नेमली. चित्रपटांचा समाजावर, विशेषतः तरुणांवर, काय परिणाम होतो हा तिच्यापुढील प्रश्नांपैकी एक होता. समितीने देशभर फिरून ३५३ साक्षीदार तपासले. नागपूरलाही साक्षी झाल्या. मद्रास, रंगून, मंडाले, कलकत्ता, जमशेदपूर आणि दिल्लीच्या साक्षींबरोबर त्या पुराव्याच्या तिसऱ्या खंडात छापल्या आहेत. विदर्भाच्या करमणुकीचा इतिहास अभ्यासू पाहणाऱ्याने हा खंड अवश्य चाळावा.

वयाची रेघ प्रत्यक्ष आखली गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या दुरुस्तीने. तेव्हा ‘यू’ आणि ‘ए’ अशी दोन प्रमाणपत्रे आली आणि १९५२ च्या कायद्याने तीच व्यवस्था पुढे चालवली. (देवनागरीत मोठी गंमत आहे. ‘यू’साठी ‘अ’, म्हणजे अनिर्बंधित, आणि ‘ए’साठी ‘व’, म्हणजे वयस्क. पडद्यावर ‘अ’ पाहून दचकणारे पालक त्यामुळे विनाकारण दचकत.) प्रौढ म्हणजे अठरा वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती. ब्रिटनमध्ये १९५१ मध्ये ‘एक्स’ प्रमाणपत्र आले तेव्हा तेथील मर्यादा सोळा होती. ती अठरावर गेली १९७० मध्ये. म्हणजे या बाबतीत भारत ब्रिटनपेक्षा कडक होता. उलट मतदानाचे वय भारतात १९८९ पर्यंत एकवीस होते. अठरा वर्षांच्या नागपूरकराला ‘ए’ चित्रपट पाहता येई, पण आमदार निवडता येत नसे. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी तर पंचवीस वर्षांची अट आहे. ‘मोठे’ होण्याचे वय निसर्गाने नव्हे, त्या त्या कायद्याने ठरवले आहे.

या व्यवस्थेचे आणखी एक वैशिष्ट्य परदेशाशी तुलना केल्यावर कळते. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डने १९८९ मध्ये ‘प्लेझर आयलंड’ हा रात्रीच्या करमणुकीचा स्वतंत्र भाग उघडला. तेथील नाइटक्लबांच्या दारावर वय पाहिले जाई. ते क्लब २००८ मध्ये बंद झाले. तेथे बंधन जागेला चिकटलेले होते. भारतीय चित्रपटगृहात ते खेळाला चिकटलेले असते. दुपारी ज्या खुर्चीवर शाळकरी मुलगा पौराणिक चित्रपट पाहतो, त्याच खुर्चीवर संध्याकाळी बसण्यास त्याला मनाई. शिवाय शिक्षा मुलाला नाही, चित्रपट दाखवणाऱ्याला. दारावरचा माणूस करडा असे तो यामुळेच.

या रेघेलाच आव्हान मिळाले ते ख्वाजा अहमद अब्बास यांच्या एका लघुपटामुळे. ‘चार शहर एक कहानी’ हा मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली येथील ऐश्वर्य व दारिद्र्य शेजारी शेजारी ठेवणारा कृष्णधवल माहितीपट होता. लांबी अवघी सोळा मिनिटे. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्ये होती. मंडळाने ‘ए’ दिले. अब्बासांनी अपील केले, तेव्हा ती दृश्ये कापल्यास ‘यू’ देऊ, असे सरकारने कळवले. अब्बास थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणी सुरू असताना सरकारने माघार घेतली आणि एकही दृश्य न कापता ‘यू’ देण्याची तयारी दाखवली. एखादा निर्माता तेथेच थांबला असता. अब्बासांनी मात्र याचिका दुरुस्त केली आणि पूर्वपरीक्षणाची सारी पद्धतच घटनेत बसते का, असा प्रश्न विचारला.

२४ सप्टेंबर १९७० रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल आला. तो लिहिला होता सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी. हे नाव नागपूरला परके नाही. रायपूरला शालेय शिक्षण झाल्यावर ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले. केंब्रिजहून परतून १९३० मध्ये त्यांनी नागपुरातच वकिली सुरू केली, १९४६ मध्ये ते नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि १९५४ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. ज्या महाविद्यालयातून सीताबर्डीचा बाजार हाकेच्या अंतरावर, तेथील विद्यार्थ्याने पुढे देशातील प्रत्येक चित्रपटगृहाच्या दाराचा नियम पक्का केला.

निकाल अब्बासांच्या विरुद्ध गेला. चित्रपट अन्य कलांहून अधिक खोलवर भावना हलवतो, आणि अपरिपक्व मन पडद्यावरच्या गोष्टीवर चटकन विश्वास ठेवते. म्हणून मुले आणि प्रौढ अशी विभागणी न्याय्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. पण निकालाचा दुसरा भाग अनेकदा विसरला जातो. कलात्मक आणि अश्लील यांतला भेद परीक्षकांनी ओळखलाच पाहिजे, विकृत मनाच्या माणसाला काय वाटेल हे मोजमाप कलेला लावू नये, आणि निर्मात्याला सरकारऐवजी स्वतंत्र न्यायिक यंत्रणेकडे दाद मागता यावी, असेही त्यात होते. तीन महिन्यांच्या आत हिदायतुल्ला निवृत्त झाले.

अपील न्यायाधिकरण प्रत्यक्षात यायला १९८३ उजाडले. त्याच वर्षी बारा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या मार्गदर्शनाची सूचना देणारे ‘यूए’ प्रमाणपत्र सुरू झाले. आता निर्णय पालकांचा. दारावरच्या माणसाकडे फक्त ‘ए’ उरले. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चेही सात, तेरा आणि सोळा असे तीन टप्पे पाडले.

न्यायाधिकरण मात्र एप्रिल २०२१ मध्ये रद्द झाले. तेव्हापासून मंडळाच्या निर्णयाविरुद्धची दाद उच्च न्यायालयातच मागावी लागते. सोळा मिनिटांच्या त्या लघुपटाबाबत सांगायचे, तर सरकारने सुनावणीत कबूल केलेले प्रमाणपत्र ‘यू’ होते. ज्या चित्रपटावरून प्रौढांचा उंबरठा कायम झाला, त्याच्या दारावर वय विचारण्याचे कारणच उरले नव्हते.