शनवार तेल्यांची मशीद

मुंबईत मांडवी भागात सॅम्युअल स्ट्रीटवर 'शाआर हारहमीम' नावाचं सिनेगॉग आहे. नावाचा अर्थ 'दयेचं द्वार'. १७९६ साली स्थापन झालेलं हे मुंबईतलं पहिलं सिनेगॉग. आसपासचे लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत आले. जवळच्या मशीद बंदर स्टेशनाचं नाव याच इमारतीवरून पडलं, असंही काही जण सांगतात. ज्यांनी ती बांधली ते बेने इस्राईल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू.

आज ज्यू म्हटलं की आपल्या घरांत टीव्हीवरचं गाझा आठवतं, आणि त्याचं दुःख खरं आहे. पण एका राज्याच्या तोफा आणि एका जमातीचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा दुसरा इतिहास आपल्या अगदी शेजारचा. त्यातून आपल्याला स्वतःबद्दलही बरंच शिकता येतं, म्हणून आज त्याबद्दल लिहितो आहे.

बेने इस्राईलांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं आणि त्यातली सात जोडपी वाचली. त्यांची ग्रंथसंपदा समुद्रात गेली. पुढच्या पिढ्या कोकणातल्या गावागावांत पसरल्या, तेलाचे घाणे चालवू लागल्या, मराठी बोलू लागल्या. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावं गावांवरून: दिवेकर, केहिमकर, राजपूरकर, अष्टमकर. आपल्या कोकणी मुसलमानांची आडनावं अशीच गावांवरून आली आहेत, हे वेगळं सांगायला नको.

हिब्रू भाषा ते विसरले होते. हातात तोरा नव्हता. उरलं काय होतं? शनिवारचा विसावा, मुलाची सुन्नत, खवले असलेलेच मासे खाण्याचा नियम, आणि 'शमा' ही ईश्वराच्या एकत्वाची साक्ष. एवढ्या शिदोरीवर त्यांनी शतकं काढली.

मग कोचीनहून डेव्हिड राहबी नावाचा एक विद्वान ज्यू आला, असं परंपरा सांगते. या तेल्यांमध्ये त्याला आपली माणसं दिसली. खात्री करायला त्यानं बायकांना निरनिराळे मासे रांधायला दिले, त्यांनी खवलेवाले तेवढे निवडून घेतले. त्यानं तीन तरुणांना धर्मविधी शिकवून नेमलं. या धर्मसेवकांना बेने इस्राईल 'काजी' म्हणत. जमातीच्या प्रमुखाला 'मुकादम', त्याच्या हाताखालच्याला 'चौगुला'. शब्द अरबी, फारसी, मराठी, श्रद्धा ज्यू. त्यांच्या शुभप्रसंगी होणाऱ्या 'मलिद्या'त पोहे, खोबरं, साखर आणि फळं असतात आणि प्रेषित एलियाहूची आठवण काढली जाते. हा एलियाहू म्हणजे कुरआनातले हजरत इल्यास. मलिदा शब्दही आपल्या ओळखीचा.

'जुनी मशीद' बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेतले अधिकारी. त्यांच्याबद्दलची आख्यायिका अशी की ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. हे 'बनी इस्राईल' आहेत असं कळताच टिपूच्या आईनं रदबदली केली. ज्यांचं नाव कुरआनात वाचलं, ते लोक समोर उभे आहेत, मग त्यांना मारायचं कसं? सुटून आल्यावर दिवेकरांनी नवस फेडल्यासारखं सिनेगॉग बांधलं. कथा किती खरी हा प्रश्न बाजूला ठेवू. ज्यूंनी आपल्या पहिल्या प्रार्थनागृहाच्या कथेत एका मुस्लिम आईला मानाची जागा दिली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

एकोणिसावं शतक या जमातीच्या परीक्षेचं होतं. मिशनरी आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्राईलांनी शाळा घेतल्या, व्याकरण घेतलं, जुन्या कराराचं मराठी भाषांतर घेतलं. धर्म मात्र फारच थोड्यांनी बदलला. मिशनऱ्यांनी दिलेल्या साधनांनीच ते आपल्या धर्मात आणखी पक्के झाले. याच काळात कोचीनहून आलेल्या शिक्षकांनाही त्यांनी आपल्यात सामावून घेतलं. परका माणूस शिकवतोय, म्हणून कमीपणा मानला नाही.

पुढची पायरी मराठीची. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १८७४ मध्ये पुण्यात पेसाह सणाची 'हग्गादा' हिब्रू-मराठीत छापली गेली. तिच्यातल्या एका चित्रात सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका साडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. १८८० च्या सुमारास शेजाऱ्यांची कीर्तनं ऐकून बेने इस्राईलांनी स्वतःची कीर्तनं सुरू केली. चाली साकी-दिंडीच्या, कथा मुसा, युसुफ, दाऊद यांच्या. ज्या बाईमाणसांना हिब्रू कळत नव्हतं, त्यांना आपला धर्म पहिल्यांदा नीट कळला तो असा, आपल्या भाषेत.

हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली शाळा काढली. पुढे तिचंच नाव सर एली कदूरी शाळा झालं. माझगावच्या या शाळेत आज ज्यू मुलं नावापुरती, आणि मुस्लिम मुलं मोठ्या संख्येनं शिकतात. मी स्वतः शिक्षक आहे. एका जमातीनं स्वतःसाठी लावलेल्या झाडाची सावली दुसऱ्यांच्या मुलांना मिळते, तेव्हा ती जमात संख्येनं लहान असली तरी लहान राहत नाही, असं मला वाटतं.

सगळ्यात धीट पाऊल उचललं एका बाईनं. डॉ. जेरुशा झिराड. मुंबईत डॉक्टर झाल्या, लंडनला स्त्रीरोगशास्त्र शिकल्या, पुढे कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. लंडनमध्ये त्यांची लिली माँटेग्यू यांच्या उदारमतवादी ज्यू चळवळीशी ओळख झाली. १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत 'ज्यूइश रिलिजस युनियन' सुरू केली. तिचंच सिनेगॉग 'रोदेफ शालोम', म्हणजे शांतीचा मागोवा घेणारा. इथे बायका माडीवर किंवा पडद्याआड नव्हत्या, पुरुषांच्या बरोबरीनं बसत. प्रार्थनेचा मोठा भाग समजणाऱ्या भाषेत. बहुसंख्य बेने इस्राईल जुन्याच पद्धतीत राहिले, पण झिराडबाई जमातीच्या बाहेर फेकल्या गेल्या नाहीत. मतभेद राहिला आणि नातंही राहिलं. दिल्लीच्या १९५६ मधल्या जुदाह हयाम सिनेगॉगमध्येही सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत बायका मोजतात.

चित्र सगळं गोड नाही. याच जमातीत 'गोरे इस्राईल' आणि 'काळे इस्राईल' असा भेद होता. मिश्र विवाहातल्या संततीला कमी लेखत. आणि मग त्यांच्याही वाट्याला तेच आलं. बगदादहून आलेल्या श्रीमंत ज्यूंनी त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली. इस्रायलला गेलेल्यांच्या विवाहांबाबत तिथल्या धर्मपीठानं वंशाची चौकशी लावली. मराठी ज्यूंनी निदर्शनं केली, धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेला ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं मान्य करावं लागलं. दुसऱ्याची खानदान तपासणाऱ्यांमध्ये आपणही बसतो. अशराफ-अजलाफ हे शब्द आपल्याकडचेच.

आता भारतात ज्यू चार-पाच हजार उरले. तिकडे गेलेल्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

या इतिहासातून मी जे घेतो ते साधं आहे. काय सोडायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते फार थोडं होतं. म्हणून बाकी सगळं बदलायची त्यांना भीती वाटली नाही: भाषा, चाल, शाळा, बसायची जागा. आपली ओळख बदलानं पुसली जाईल, ही भीती आपल्याकडे मात्र फार आहे. जुम्याचा खुतबा समोरच्या माणसाला कळणाऱ्या मराठीत व्हावा म्हटलं की कपाळावर आठ्या येतात. बायकांना मशिदीत जागा मिळावी म्हणून पुण्याच्या एका जोडप्याला २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात जावं लागलं. तिथे पर्सनल लॉ बोर्डानंच सांगितलं की इस्लाममध्ये बायकांना मशिदीत जाण्याची मनाई नाही. पैगंबर साहेबांच्या काळात मदिनेच्या मशिदीत बायका नमाज पढत होत्याच. मग कोर्टाची वाट कशाला पाहायची? आपल्या गल्लीतल्या मशिदीच्या जमातीनं एक खोली, एक जिना, एक वेगळा नळ एवढं ठरवलं तरी सुरुवात होईल. त्यासाठी चंदा लागेल, थोडी वादावादी होईल. शनवार तेल्यांनीही ती केली होती.